लिफ्टजवळची जागा

"प्रसन्न, तू माझ्या हातमोज्यांवर बसलायस!"

"मी कुठे बसलो? बस वळली, मी घसरलो, हातमोजे मध्ये आले!"

"ऊठ आधी!"

"उठलो तर जागा जाईल, ताई. नो वे!"

विनीतानं दहा वर्षांच्या भावाला कोपरानं बाजूला सारलं आणि चपटे झालेले हातमोजे ओढून काढले. समोरच्या बाकावरचा अमित खो खो हसत होता. अमित विनीताहून एकाच वर्षानं मोठा, म्हणजे तेरा वर्षांचा. पण स्कीचे बूट पायात चढल्यापासून तो स्वतःला थेट ऑलिंपिकचा खेळाडू समजत होता. काल हाच खेळाडू नुसता उभ्या उभ्या तीनदा पडला होता, पण ते त्याला कोण सांगणार!

१९८६ सालची नाताळची सुट्टी होती. ॲरिझोनातल्या चँडलरच्या मराठी मंडळातली काही कुटुंबं उत्तरेकडच्या सिल्व्हर पाइन नावाच्या डोंगरावर आली होती. चँडलरला डिसेंबरातही अंगणात पापड वाळतात. त्यामुळे बर्फाचं सगळ्यांना भारी अप्रूप! मुक्काम डोंगराखालच्या गावातल्या मोटेलात होता आणि सकाळी अमितची आई, सुचित्रामावशी, मुलांना घेऊन वर यायची. बाबामंडळी मागून, दोन-दोन कप चहा झाल्यावर उगवायची.

वर पोचणं हेच एक दिव्य होतं. माणसांना उचलून शिखरावर नेणारी लिफ्ट, म्हणजे दोरावर टांगलेल्या खुर्च्यांची रांग, अगदी वर; आणि गाड्या लावायचं मैदान पार खाली. मैदानात गाडी लावा, स्की खांद्यावर घ्या, निसरड्या चढावरून थांब्यापर्यंत जा, रांगेत उभे राहा आणि मग या खटारा बसनं धक्के खात वर या. लिफ्टच्या पायथ्याशी गाड्यांना जागा होती, पण इवलीशी. ती सगळी तिथल्या कामगारांची. तिच्यातल्या फक्त दोन जागा अपंगांसाठी, गाडीत निळं कार्ड लावणाऱ्यांसाठी, राखीव होत्या, निळ्या पाटीच्या. त्या दोन भरल्या, की वाटेतल्या फाटकावरचा माणूस पुढे कोणालाही सोडत नसे. दोन मिनिटं उतरवून परत येते म्हटलं, तरी नाही.

"आज तरी सुलेखाला जागा मिळू दे," विनीता म्हणाली.

"मिळेल गं," सुचित्रामावशी समोरून म्हणाल्या. "काळजी कसली करतेस एवढी?"

सुलेखा विनीताच्या वर्गात होती. तिच्या दोन्ही पायांत जन्मापासून जोर नव्हता. पायांना पट्ट्या, काखेत कुबड्या आणि तोंडात चाकूसारखी जीभ! या डोंगरावर खुर्चीत बसून करायची स्की शिकवायला मार्था नावाची एक बाई आली होती. मार्थाकडे सुलेखाची वेळ रोज दहाची. उशीर झाला, की पुढच्या मुलाचा नंबर. काल निळ्या जागा भरलेल्या होत्या. सुलेखा आणि तिची आई, कांचनकाकू, बसनं वर येईपर्यंत अकरा वाजून गेले होते आणि सुलेखाच्या स्कीवर दुसराच मुलगा बसला होता. उद्या मार्थाचा इथला शेवटचा दिवस होता. म्हणजे आज, नाहीतर उद्या. त्यानंतर काही नाही.

मुलं धडपडत-आपटत स्की शिकली, पण तिघांचं लक्ष लिफ्टजवळच्या घड्याळाकडे होतं. दहा वाजले. सव्वादहा झाले. मार्थानं दोनदा रस्त्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि एका लालबुंद गालांच्या मुलाला बसत्या स्कीवर बांधलं.

"आलीच नाही!" प्रसन्न ओरडला.

"चला खाली!" विनीता म्हणाली.

खालच्या मैदानात कांचनकाकूंची छोटी पांढरी गाडी उभी होती. मागच्या सीटवर सुलेखा पाय पसरून बसली होती. तिच्या कोपराला रुमालात गुंडाळलेलं बर्फ लावलेलं होतं.

"काय झालं?"

"बसच्या थांब्यापाशी बर्फावरून सटकले," सुलेखा म्हणाली. "पण एक फायदा झाला. शेकायला बर्फ आणायला कुठे जावं लागलं नाही!"

कोणीच हसलं नाही. सुलेखाही नाही. तिनं मान खिडकीकडे वळवली आणि तिची हनुवटी थरथरायला लागली. विनीतानं तिला शाळेत मुलं चिडवताना पाहिलं होतं, ऑपरेशन झाल्यावर पाहिलं होतं. पण रडताना आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"दोन्ही जागा आजही भरलेल्या?" तिनं विचारलं.

"फाटकावरचा माणूस तसं म्हणाला," कांचनकाकू गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत म्हणाल्या. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी त्या खरवडतच होत्या. "आमच्याकडे कार्ड आहे हो निळं. पण जागाच नाही म्हटल्यावर तो तरी काय करणार?"

"रोज रोज कोण येऊन बसतंय तिथे?" प्रसन्न म्हणाला. "काकू, आम्ही शोधून काढतो! लेट्स गो!"

"अरे, नको!" काकू एकदम म्हणाल्या. "कशाला उगाच? जाऊ दे."

पण जाऊ दे म्हटल्यावर जी थांबतात ती मुलं कसली! तिघं पुढच्याच बसनं पुन्हा वर होती.

निळ्या पाट्यांखाली दोन गाड्या उभ्या होत्या. सकाळपासून बर्फ पडत होतं, त्यामुळे एक लांबट ढीग आणि एक उंच ढीग, एवढंच दिसत होतं. उंच ढीग म्हणजे जुनी पिकअप होती. तिच्या मागच्या बाजूला एक स्की पडली होती.

"बघा!" अमित कुजबुजला. "स्की! अपंग माणूस स्की कशाला आणेल? हाच चोर!"

तिघं बर्फाच्या ढिगाऱ्यामागे दबा धरून बसली. पार्श्वभाग गारठले, नाकं गळायला लागली. अखेर उतारावरून एक पांढऱ्या दाढीचा माणूस झोकात खाली आला आणि पिकअपपाशी थांबला.

"एक्सक्यूज मी!" विनीता उसळून उभी राहिली. "तुम्हाला इथे गाडी लावायची लाज नाही वाटत?"

माणूस वळला. त्याच्या पॅंटचा डावा पाय मांडीपाशी दुमडून पिनांनी टाचलेला होता. तो एकाच पायावर, एकाच स्कीवर उभा होता.

विनीताला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. प्रसन्न तर अमितच्या मागे लपला.

"कोरियात गेला," माणूस शांतपणे इंग्रजीत म्हणाला. "युद्धात. माझं नाव वॉल्ट. तुमची काय भानगड आहे?"

तिघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. वॉल्टनं सगळं ऐकून घेतलं आणि दाढीतलं बर्फ झटकलं.

"शेजारची गाडी मी रोज बघतो," तो म्हणाला. "नवाच्या सुमारास येते. आतून तीन माणसं उड्या मारून उतरतात आणि लिफ्टकडे पळत सुटतात. हसत असतात. धडधाकट आहेत चांगली. बोलतात मात्र..." तो जरा अडखळला. "बोलतात तुम्ही आत्ता एकमेकांशी बोललात ना, तसंच काहीतरी."

अमित हळूच लांबट ढिगाकडे गेला आणि बाहीनं मागच्या काचेवरचं बर्फ पुसायला लागला. काचेतून आत सतरंजी दिसली, लाल-निळ्या पट्ट्यांची. मंडळाची सतरंजी! तिच्याखाली चहाचा मोठा थर्मास होता.

"ही आमची गाडी आहे," अमित म्हणाला. त्याचा ऑलिंपिकचा रुबाब कुठल्या कुठे गेला होता. "बाबांची."

अमितचे बाबा, गुरुदत्तकाका! आणि रोज गुरुदत्तकाकांच्या गाडीतून कोण येतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. मंडळातले विनोदवीर उल्हासकाका आणि विनीता-प्रसन्नचे बाबा.

विनीतानं पुढची काच पुसली. आरशाला एक निळं कार्ड लटकत होतं. कार्डाला लोकरीचा पिवळा गोफ होता, क्रोशानं विणलेला, शेवटी दोन गोंडे.

"ताई," प्रसन्न बारीक आवाजात म्हणाला, "हा तर आजीचा..."

आजी दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून चँडलरला राहायला आली होती. तिचे गुडघे गेले होते, म्हणून बाबांनी तिच्यासाठी हे कार्ड काढलं होतं. कार्ड सारखं हरवतं म्हणून तिनंच त्याला गोफ विणला होता. पण आजी हळू चालायची. तिला घेऊन कुठे निघालं, की सगळ्यांना उशीर व्हायचा. मग हळूहळू तिला घरीच ठेवायला लागले. "आई, तुम्ही आराम करा," असं म्हणून. आजी खिडकीपाशी बसून आराम करायची. पुढे ती परत गेली आणि मागच्या गणपतीत साताऱ्यालाच वारली. कार्डाची मुदत मात्र अजून संपली नव्हती.

"आजी इथे होती, तेव्हा हे कार्ड ड्रॉवरमध्ये पडलेलं असायचं," विनीता म्हणाली. तिला इतका राग आला होता, की बोटं बधिर झाल्याचंही कळत नव्हतं.

"त्यांना माहीत नसेल," अमित म्हणाला. "सुलेखाचं. आपण सांगू या ना. सांगितलं की ते ऐकतील."

संध्याकाळी मोटेलच्या न्याहारीच्या खोलीत मंडळी कांदाभजी खात बसली होती. प्रसन्ननं भोळा चेहरा करून विषय काढला, "गुरुदत्तकाका, तुम्ही गाडी वर कशी काय नेता हो? वुई हॅव टु टेक द बस!"

"ट्रेड सीक्रेट!" उल्हासकाकांनी विनीताच्या बाबांकडे बघून डोळा मारला. "राजीवच्या आईचा आशीर्वाद आहे, यार! मंडळाचं मोठं पातेलं कसं, ज्याच्या घरी कार्य त्याच्याकडे जातं? तसं हे कार्ड. ज्याची गाडी, त्याच्याकडे!"

सगळे हसले. विनीतानं बाबांकडे पाहिलं. बाबाही हसत होते.

"पण ती जागा सुलेखाची आहे," ती म्हणाली. "तिचे दोन दिवस फुकट गेले."

"अगं, तिथे दोन जागा आहेत," बाबा म्हणाले. "आणि बहुतेक वेळा रिकाम्याच पडलेल्या असतात."

"त्या दोघी लेट निघत असतील," गुरुदत्तकाका भजी चटणीत बुडवत म्हणाले. "लवकर निघायला नको का? प्लॅनिंग पाहिजे माणसाला."

"आणि बस आहे की," उल्हासकाकांनी जोडलं. "कांचनवहिनी मॅनेज करतात सगळं. त्यांना सवय आहे."

झालं! विषय संपला. पुन्हा भजी, पुन्हा हशा. प्लॅनिंगवाल्या गुरुदत्तकाकांना हे माहीत नव्हतं, की पायांचे व्यायाम आणि पट्ट्या बांधणं यातच सुलेखाची सकाळ जाते आणि तिला निघायला नऊ वाजून जातातच. माहीत नव्हतं, कारण कोणी कधी विचारलंच नव्हतं. सुलेखाचे बाबा तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेले, तेव्हापासून मंडळात कांचनकाकूंना सगळे "बिचाऱ्या" म्हणायचे. त्यापुढे जाऊन काही करायचे नाहीत.

विनीता उठली आणि काकूंच्या खोलीकडे गेली. इतर सगळ्यांच्या खोल्या एका ओळीत होत्या. काकूंची खोली इमारतीच्या पलीकडच्या टोकाला, बॉयलरशेजारी होती. काकू सुलेखाच्या पट्ट्या हीटरवर वाळत घालत होत्या.

"काकू, ती जागा कोण घेतं ते आम्हाला कळलंय."

काकूंचे हात थांबले. "मलाही माहीत आहे, विनू," त्या हळूच म्हणाल्या. "कालच फाटकावरून त्यांची गाडी वर जाताना पाहिली मी."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? आपलीच माणसं आहेत. आम्हाला बोलावतात, सोबत आणतात, हेच खूप आहे. उद्या वाईटपणा आला तर सुलूला कोण आहे इथे? तूही काही बोलू नकोस, बाळा. शपथ आहे तुला."

विनीतानं मान डोलावली. बोलायचं नाही. ठीक आहे! न बोलताही पुष्कळ काही करता येतं.

"प्लॅनिंग पाहिजे माणसाला," ती बाहेर येऊन अमितला म्हणाली. "मंडळाचं नाटक असलं की पहिल्या दोन रांगा कोणाला मिळतात?"

"आम्हाला," अमित म्हणाला. "बाबा तासभर आधी जाऊन..." तो मध्येच थांबला आणि त्याचे डोळे चमकले. "तासभर आधी जाऊन सतरंजी टाकतात!"

"टाकतात ना? मग आपणही जागा धरायची!"

"पण विनी," अमितचा चेहरा पडला, "बाबा मला फाडून खातील."

"मग तू नको येऊस."

अमितनं थोडा वेळ बुटानं बर्फ उकरलं. "सतरंजी कुठाय ते मलाच माहितीये," तो म्हणाला. "मी येणार."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसनं तिघं वर पोचली. "सतरंजी कशाला रे?" असं सुचित्रामावशींनी विचारलं, तेव्हा "पिकनिक!" असं प्रसन्ननं ठोकून दिलं. मावशी कॉफी प्यायला गेल्या. निळ्या पाटीखाली एक जागा मोकळी होती. शेजारी वॉल्टची पिकअप. अमितनं सतरंजी बर्फावर पसरली, विनीतानं मधोमध मांडी घातली आणि डब्यातल्या पुऱ्या काढल्या. प्रसन्नची नेमणूक खाली फाटकावर झाली. कांचनकाकूंची गाडी आली, की काही झालं तरी तिला परत जाऊ द्यायचं नाही!

गाड्यांवर देखरेख करणारा माणूस धावतच आला. "ए पोरांनो, हे काय चाललंय?"

"ती माझ्याबरोबर आहेत," वॉल्ट पिकअपच्या खिडकीतून म्हणाला. "एका मुलीसाठी थांबलीत. तिच्याकडे कार्ड आहे."

नऊ वाजून गेले आणि गुरुदत्तकाकांची लांबलचक गाडी वळणावरून वर आली. हॉर्न वाजला. विनीता हलली नाही. पुन्हा वाजला. अमितनं पुरी तोंडात कोंबली. चावायचं मात्र त्याला सुचेना.

दार उघडलं. "अमित?" गुरुदत्तकाकांचे डोळे बाहेर यायचे बाकी होते. "ही सतरंजी... ऊठ! आधी ऊठ तिथून!"

"जागा धरलीये, बाबा," अमित कसाबसा म्हणाला. "तुम्ही नाटकाला धरता तशी."

उल्हासकाका हसायला लागले, पण त्यांना साथ द्यायला कोणी नव्हतं. लिफ्टच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली होती. बाबा गाडीतून उतरून भराभर चालत आले.

"विनी, काय तमाशा आहे हा? लोक बघतायत! ऊठ!"

"ही अपंगांची जागा आहे, बाबा."

"आपल्याकडे कार्ड आहे."

"ते आजीचं आहे," विनीता म्हणाली. "आजीला बोलवा. ती आली, की मी लगेच उठते."

बाबांचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्यांनी गाडीच्या आरशाकडे पाहिलं. तिथे पिवळे गोंडे अजून हलत होते.

"चल, गुरू," ते अखेर म्हणाले. "गाडी खाली घे."

"अरे पण राजीव, पोरांचं काय ऐकायचं..."

"खाली घे म्हटलं ना!"

इकडे फाटकावर प्रसन्नची तारांबळ उडाली होती. कांचनकाकूंची गाडी आली होती, फाटकावरच्या माणसानं "फुल!" म्हणून हात हलवला होता आणि काकूंनी गाडी मागे घ्यायला सुरुवातही केली होती. प्रसन्न धावत जाऊन गाडीच्या मागे हात पसरून उभा राहिला.

"प्रसन्न, वेडा आहेस का? बाजूला हो!" काकू किंचाळल्या.

"नाही होणार! थांबा! जस्ट वेट! एक गाडी खाली येणारे!"

"कोणाची?"

"देवाशपथ येणारे!"

मिनिटभर काहीच आलं नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. प्रसन्न रडायच्या बेतात आला होता, पण तो हलला नाही. आणि वळणावरून ती लांबलचक गाडी आली! गाडी काकूंच्या गाडीच्या अगदी जवळून गेली. आतल्या तिघांपैकी कोणीही काकूंकडे पाहिलं नाही. फाटक उघडलं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना सुलेखा मार्थासमोर हजर होती. मार्थानं तिला स्कीवर बसवलं, पट्टे आवळले, लिफ्टवरच्या माणसाच्या मदतीनं तिला लिफ्टच्या खुर्चीत चढवलं, स्वतः शेजारी बसली आणि सुलेखा झाडांच्या शेंड्यांवरून वर निघाली. खालून विनीता, अमित आणि प्रसन्न बेंबीच्या देठापासून ओरडत होते. बऱ्याच वेळानं उतारावर एक लाल ठिपका दिसला. तो मोठा मोठा होत आला, एका वळणावर कोलमडला, बर्फात गडगडला आणि मार्थानं उचलल्यावर पुन्हा खाली सुटला!

"मी पडले!" सुलेखा लांबूनच ओरडली. "तुम्ही पाहिलंत? मी फास्ट जाता जाता पडले!"

कांचनकाकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

संध्याकाळी न्याहारीच्या खोलीत खिचडीचा कुकर लागला. आज सगळ्यांनी आग्रह करून कांचनकाकू आणि सुलेखालाही बोलावून आणलं होतं. गुरुदत्तकाका खुर्ची मागे सारून उभे राहिले. दिवसभरात त्यांना पुन्हा कंठ फुटला होता.

"मित्रहो," ते म्हणाले, "आज आपल्या मुलांनी आपली मान उंच केली! या परक्या देशात वाढूनसुद्धा मुलांना दुसऱ्यासाठी झटावंसं वाटतं. हे संस्कार आहेत! आपण घरात जे देतो, ते कुठे वाया जात नाही!"

टाळ्या! उल्हासकाकांनी तर शिट्टी वाजवली. सुचित्रामावशींनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. "सतरंजीची आयडिया मात्र झकास हं! मंडळाच्या अंकात छापायला पाहिजे ही गोष्ट." बघता बघता सकाळची गोष्ट मंडळाची गंमत होऊन गेली. त्या गोष्टीत हॉर्न होता, पुऱ्या होत्या, गुरुदत्तकाकांचा चेहरा होता. जागा दोन दिवस कोणी अडवली होती, ते मात्र कोणाच्याच सांगण्यात येत नव्हतं.

बाबा उठून विनीताजवळ आले. सकाळपासून ते तिच्याशी बोलले नव्हते. "मला अभिमान वाटतो तुझा," ते म्हणाले आणि त्यांना तो खरंच वाटत होता. "बोल, काय बक्षीस पाहिजे? मागशील ते देतो."

"मागीन ते?"

"प्रॉमिस."

"कांचनकाकूंना आणि सुलेखाला सॉरी म्हणा," विनीता म्हणाली. "तुम्ही तिघांनी."

उल्हासकाकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. बाबांनी काकूंकडे पाहिलं. वाटलं, आता बोलतील. पण ते हसले.

"अगं, घरच्या माणसांत कसलं सॉरी?" ते म्हणाले. "सॉरी-थँक्यू परक्यांना म्हणायचं असतं. हो की नाही, वहिनी?"

"करेक्ट!" गुरुदत्तकाका म्हणाले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

"हो हो," कांचनकाकू घाईघाईनं म्हणाल्या. "त्यात काय एवढं! विनू, वेडी आहेस."

"आपण घरचे आहोत?" सुलेखानं विचारलं. तिनं आवाज चढवला नव्हता. "मग आमची रूम तुमच्या सगळ्यांबरोबर का बुक केली नाहीत, काका?"

"सुलू!" काकू म्हणाल्या. पण नेहमीसारखं "तिचं मनावर घेऊ नका" हे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त सुलेखाचा हात हातात घेतला आणि खाली बघत बसल्या.

"खिचडी गार होतेय," सुचित्रामावशी म्हणाल्या. "घ्या बरं पटापट. पापड कोणाला हवेत?"

ताटं खडखडली. कोणीतरी उद्या सकाळी निघायच्या वेळेचं काढलं, कोणीतरी रस्त्यावरच्या बर्फाचं. विनीता ताट घेऊन प्रसन्नशेजारी जाऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते कोणाला दिसलं तरी तिची हरकत नव्हती.

"ताई," प्रसन्ननं तिच्या कानात विचारलं, "आपण जिंकलो ना? डिड वी विन?"

विनीतानं समोर पाहिलं. काकू आणि सुलेखा टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"लिफ्टपर्यंत जिंकलो," ती म्हणाली. मग ती आपलं ताट घेऊन उठली आणि त्या खुर्चीत जाऊन बसली.